तस्नीमची न झालेली मॅच

फुटबॉल खेळणाऱ्या बाईला म्हातारपण फार लवकर येतं. गुडघा गेला की आलीच साठी. माझा डावा गुडघा दोनदा उघडून शिवला आहे. आता जिना चढताना आई माझ्याआधी वर पोचते आणि वरून विचारते, "येतेस गो, का पालखी पाठवू?" म्हणून माझ्या वयाकडे बघून कोणी नाक मुरडू नये की ही बया आत्ताच आठवणी लिहायला काय बसली. माझं खेळणं संपलं, म्हणजे ज्याला तरुणपण म्हणतात ते संपलं. हल्ली मी पेणला पोरींना खेळायला शिकवते. जिते, हमरापूरहून पोरी येतात, मी शिट्टी फुंकते, घसा फुटेस्तोवर ओरडते, आणि कुठे सत्कार-बित्कार असला की लोक माझी ओळख करून देतात, "या आपल्या दर्शनाताई, टीव्हीवर गोल मारलेल्या." मग मी उठून त्या गोलाची गोष्ट सांगते. आजवर निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि वीसही वेळा त्यातला एक तुकडा गाळला. तो इथे लिहिते. भाषणात तोंड उघडत नाही, कागदावर तरी उघडेल.

आमचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीला टेकलेलं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि खाडी आणि शेतं यांच्यामध्ये पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. हा बांध आहे म्हणून गाव आहे. तो कुठे फुटला की आमच्याकडे 'खांड पडली' म्हणतात, आणि खांडीतून खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून गावाची जुनी रीत आहे. खांड पडली की उंबऱ्यामागे एक माणूस बांधावर. घरात लगीन असो, सुतक असो, बाळंतीण असो, घरातलं एक माणूस चिखलात उतरलंच पाहिजे. न जाणाऱ्या घराला दंड नाही, शिव्या नाहीत. फक्त पुढे त्या घराच्या ओटीवर कोणी टेकायला येत नाही. चहाला बोलावलं तर "आत्ताच झाला" म्हणतात. लहानपणी मी असं एक घर बघितलं होतं, आणि त्या घरातली म्हातारी एकटीच ओटीवर तांदूळ निवडत बसायची ते मला अजून दिसतं.

बाबा मिठागरावर. जन्मभर मिठाच्या पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचांना भेगा पडलेल्या, बोट जाईल एवढ्या. भाऊ उरणला कंपनीत. आणि आई म्हणजे घरातला लाउडस्पीकर. तिला दम्याचा त्रास, दोन हंडे आणले तरी छातीत शिट्टी वाजायची, पण तोंड कधी दमलं नाही. आमच्या घरात सकाळ व्हायची ती तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या थापण्याच्या आवाजाने. चुलीवर जवळा परतला जायचा, बाहेर खाडीचं पाणी उतरताना चिखल बुडबुडायचा, आणि आई शेजारच्या काकूशी कुंपणावरून बोलत असायची, ते मधल्या दोन घरांनाही ऐकू जायचं. अशा घरातली मी एकुलती एक पोरगी, खांदे रुंद, पाय जाड, आणि पंधराव्या वर्षी गावातल्या पोरांना पायात चेंडू घेऊन लोळवणारी. काकू म्हणायची, "हिला नवरा कुठला मिळायचा गो?" आई म्हणायची, "हिच्याकडून चेंडू काढून घेईल तो."

तस्नीम रोह्याची. शाळेच्या स्पर्धेत आम्ही पहिल्यांदा समोरासमोर आलो, ती गोलमध्ये आणि मी पुढे. तिने माझे चार फटके अडवले. मॅच संपल्यावर मी रागारागाने तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "चिंबोरी हायस काय गो तू? कुठूनपन हात काढतेस!" ती हातमोजे काढत म्हणाली, "आणि तू म्हशीसारखी सरळच येतेस. तुला अडवायला काय अक्कल लागते?" झालं, त्या दिवसापासून आमचं जमलं. ती उंच, शिडशिडीत, डोक्याला घट्ट रुमाल, चड्डीच्या आत काळी लांब लेगिंग. घरी अम्मा आणि मोठा भाऊ इरफान. अब्बा बहारीनला एका दुकानात. ती हसायची कमी, पण एकदा हसू आलं की जमिनीवर बसायची. पुढे मुंबईच्या एका क्लबाने आम्हाला दोघींना एकाच महिन्यात घेतलं. पगार, किट, राहायला खोली! आमच्या गावात पायाने पैसे कमावणारी मी पहिलीच, शिलाई मशीनचा पाय मारणारे सोडले तर.

तस्नीमला मात्र घरून सहजासहजी सोडलं नव्हतं. तिच्या मामूंना हे पटलेलं नव्हतं, मोहल्ल्यात कुजबुज होती. अखेर अब्बांनी फोनवरून निकाल दिला. "एक हंगाम खेळ. मला फोनवर एक मॅच दाखव, गोलमध्ये माझी बेटी उभी असलेली. मग सगळ्यांची तोंडं मी बंद करीन. नाय दिसलीस, तर गपगुमान घरी येऊन शिक्षण पुरं कर." आता गोलकीपरचं नशीब असं, की टीममध्ये जागा एकच. पहिली गोलकीपर पडल्याशिवाय दुसरीला कोण विचारतो? तस्नीमने अख्खा हंगाम बाकावर काढला. दर मॅचला पूर्ण तयार होऊन, हातमोजे चढवून बसायची, आणि तिचे अब्बा तिकडे शिफ्ट बदलून फोनसमोर बसायचे. त्यांना दिसायचं काय, तर कधीमधी बाकाचं एक टोक. मग एकदा सरावात पहिलीचं बोट मोडलं आणि कोच सर तस्नीमला म्हणाले, "रविवारी तू." त्या रात्री ती मला म्हणाली, "दर्शू, कोणाचं बोट मोडलं म्हणून खूश होणं हराम हाय ना?" मी म्हटलं, "थोडंसं चालतं." आणि गुरुवारी फोनवर मेसेज आला की लीग पुढची सूचना मिळेपर्यंत स्थगित. रोगाने दुनिया बंद केली, त्यात आमची मॅच किस झाड की पत्ती. आम्ही बॅगा भरून घरी आलो. तिने नवे हातमोजे पिशवीतून काढलेच नाहीत.

पुढचे महिने मी घरी कसे काढले ते आईला विचारा. सकाळी सात वाजता फोनवर सगळ्या टीमचा सराव. मी फोन तांब्याला टेकवून ओटीवर ठेवायची आणि अंगणात उड्या मारायची. सर तिकडून ओरडायचे, "दर्शना, गुडघे वर!" आणि आई इकडून ओरडायची, "हळू गो, माझी भांडी पडतील!" एकदा तर ती हातात निवट्या माशांची टोपली घेऊन थेट फोनसमोर आली आणि सरांना म्हणाली, "सर, हिला काय खायला देऊ? तुम्ही लिवलेली ती ब्रोकोली हिकडं नाय मिळत." बावीस पोरी फोनमध्ये हसून लोळल्या. तस्नीमचा चौकोन कोपऱ्यात असायचा. मागे इरफान, गच्चीवर तिच्याकडे चेंडू फेकतोय, ती उजवीकडे झेपावतेय, डावीकडे झेपावतेय. तो पोरगा रिक्षा चालवायचा, रिक्षा बंद पडलेली, तर सकाळ-संध्याकाळ बहिणीला सराव देत बसायचा. रोज दोनशे चेंडू. ती सांगायची, "भायचा खांदा दुखतो, पन बोलत नाय."

पाऊस ओसरायला लागला तेव्हा क्लबाचा निरोप आला. अर्धवट राहिलेला हंगाम पुरा करायचा. सगळ्या टीम एका शहरात, एका हॉटेलात कोंडून ठेवणार, मैदानं रिकामी, पण मॅच फोनवर, टीव्हीवर दिसणार. पहिलीचं बोट वाकडं जुळून आलं होतं, अजून नीट वळत नव्हतं, म्हणून गोलमध्ये तस्नीमच. अट एकच: निघण्याआधी चौदा दिवस घराबाहेर पाय टाकायचा नाही, घराबाहेरच्या माणसाला भेटायचं नाही, आणि शेवटी तसा फॉर्म सही करून द्यायचा. मी आमच्या मागच्या खोलीत बसले, ती तिच्या वरच्या खोलीत. दिवसातून चार वेळा आमचा फोन व्हायचा.

सहाव्या दिवशी तिची खाला वारली. अम्माची मोठी बहीण, चार घरं सोडून राहणारी. तस्नीमला लहानपणी तिनेच अंगाखांद्यावर खेळवलेलं. अम्मा जिन्याखाली उभी राहून रडत म्हणाली, "तुला यायचं तर ये, नाय तर नको येऊस, मी काय बोलणार नाय." तस्नीम गेली नाही. मला फोनवर म्हणाली, "जनाजा खिडकीखालून गेला दर्शू. मी खिडकीपन उघडली नाय. खाटेवर बसून कलमा वाचत होते. इरफानने खांदा दिला, तर आता तो गच्चीवर झोपतोय, ताट पन वेगळं ठेवलंय, म्हणतो तुझा फॉर्म खोटा नको पडायला." मी काहीतरी बोलले, धीर धर वगैरे. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं होतं, मी असते तर गेले असते.

आणि आठव्या दिवशी आमची खांड पडली. अमावास्येचं उधाण होतं, भात पोटरीत आलेलं, लोंबी फुटायच्या बेतात. पहाटे पश्चिमेच्या अंगाने आरोळी आली, "बांध फुटला!" आणि पाच मिनिटांत गाव जागं. ओहोटी लागली होती. पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची, म्हणजे हातात सहा तास. आमच्या घरातून कोण जाणार? बाबांची टाच चिघळून पाय उशीवर ठेवलेला. भाऊ उरणला अडकलेला. आईने पदर खोचला, टोपली उचलली आणि दारापर्यंत जाऊन उंबऱ्याला धरून उभी राहिली, छातीत शिट्टी. मी मागच्या खोलीच्या दारातून बघत होते. बाबा खाटेवरून म्हणाले, "नको जाव तू. तिचं कायतरी क्लबचं हाय. आपलं घर एक वेळ नाय गेलं तर नाय गेलं." ते असं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्याने ते बघवलं नाही. मी आईच्या हातातली टोपली घेतली. "आये, बस तू खाली," म्हटलं आणि निघाले.

बांधावर ऐंशी-नव्वद माणसं होती. काहींच्या तोंडाला रुमाल होते, ते पहिल्या पाच मिनिटांत गळ्यात आले. चिखलात उभं राहून तोंड बांधून टोपल्या उचलून बघा, म्हणजे कळेल. रांग लावली, चिखलाचे गोळे हातोहात पुढे, पेंढा, दगड, पोती. मी खांडीच्या अगदी तोंडाशी, छातीएवढ्या पाण्यात, माझ्या एका बाजूला काकू आणि दुसऱ्या बाजूला वाडीवरचा एक पोरगा, तो सारखा खोकत होता. कोणी म्हणालंसुद्धा, "अरे बाबा, तू घरी बस." तो म्हणाला, "आमच्या घरात मीच हाय." त्याच्या हातात पुढची टोपली आली. दुपारी भरतीचं पाणी चढायला लागलं तेव्हा आमची माती पाण्याच्या वीतभर वर होती. सगळे चिखलाने माखलेले बांधावर बसलो, कोणीतरी गूळ वाटला. आजही सांगते, त्या दिवशी बांधावर गेले याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही. उद्या खांड पडली तर या फुटक्या गुडघ्यानिशी जाईन. माझं चुकलं ते पुढे.

घरी येऊन मी गरम पाण्याने अंग धुतलं, पुन्हा मागच्या खोलीत बसले आणि संध्याकाळी तस्नीमच्या फोनवर म्हटलं, "आज काय नाय, झोपले दिवसभर." का म्हटलं? तिने खालाच्या मयतीला खिडकी उघडली नव्हती आणि मी ऐंशी माणसांत गूळ खाऊन आले होते, हे सांगायची लाज वाटली. एवढंच. निघायच्या आदल्या दिवशी आईने फोनवर बोलता बोलता जवळा करपवला. बाबा खोकायला लागले, काकू कुंपणापलीकडून ओरडली, "काय जाळतेस गो?" आणि मी चुलीपासून चार हातांवर बसले होते, मला काही म्हणजे काही वास नाही. मी नाक चोळलं. कांदा हुंगला. खोबरेल तेलाची बाटली नाकाला लावली. मग स्वतःला समजावलं की पाण्यात उभी होते, पडसं झालं असेल. ताप नव्हता, खोकला नव्हता. फॉर्म समोर होता. 'गेल्या चौदा दिवसांत घराबाहेरील व्यक्तीच्या संपर्कात आलात काय?' मी 'नाही' वर खूण केली आणि सही ठोकली. माझी सही फार झोकदार आहे, तेव्हा सराव केला होता ऑटोग्राफसाठी.

क्लबाची गाडी रोह्याहून तस्नीमला घेऊन आली आणि वडखळ नाक्यावर मी चढले. सात महिन्यांनी भेटत होतो. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "लांब बस, नियम हाय," आणि नागोबासारखी डोलायला लागली आनंदाने. पेण मागे पडेपर्यंत आम्ही नियम पाळला. मग तिने डबा काढला. अम्माने सांदणं दिली होती, तांदळाची, वाफवलेली, नारळाच्या दुधातली. मास्क खाली आले. एकाच डब्यात दोघींचे हात. ती म्हणाली, "वास बघ ना आधी. अम्माने आज वेलची किती घातलीय!" तिने सांदण माझ्या नाकाशी धरलं. मी डोळे मिटून हुंगलं आणि म्हटलं, "आहाहा, मस्त!" मला आयुष्यात पुढे कशाचाही वास आला की आधी ते 'आहाहा' आठवतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं आहे. तेव्हा सांगितलं असतं, गाडी थांबवली असती, तर माझी मॅच गेली असती, तिची वाचली असती.

हॉटेलात पोचल्यावर पहिली चाचणी झाली. दोघींची निगेटिव्ह. मी देवाला हात जोडले आणि ठरवून टाकलं की ते पडसंच होतं. आम्हाला एकच खोली दिली. पाचव्या दिवशी दुसरी चाचणी झाली, आणि माझी पुन्हा निगेटिव्ह, तस्नीमची पॉझिटिव्ह. चाचणी चुकू शकते, नेमकी उशिरा किंवा लवकर झाली तर हुकते, हे मला पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कोणाकडून कोणाला गेलं ते देव जाणे, पण मला जे माहीत होतं ते मला माहीत होतं.

मॅनेजर जिन्यात उभे राहून तिच्याशी बोलले, दहा पावलांवरून. मी खोलीच्या दारात. ते म्हणाले, "खरं सांग, घरी काही कार्यक्रम होता का? तुमच्या लोकांच्यात गर्दी होते, मला ठाऊक आहे. लपवू नकोस." तस्नीम म्हणाली, "सर, माझी खाला वारली. पन मी गेले नाय." मॅनेजर हसले. "सख्खी मावशी गेली, आणि तू गेली नाहीस? हे मी कोणाला सांगू?" तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी सांगेन. जगात मीच एक होते, जिला तिने रडत रडत सगळं सांगितलं होतं त्याच दिवशी, त्याच तासाला. "सर, ती खोटं बोलत नाय, मी साक्ष हाय," एवढं एक वाक्य. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की मग रोग आणला कोणी? आणि तो प्रश्न तसाही आलाच. मॅनेजर माझ्याकडे वळले, "तू तर घरीच होतीस ना?" मी म्हटलं, "हो सर." मॅनेजर वाईट माणूस होता असं लिहून मला सुटता येईल. होताच तो वाईट, निदान त्या दिवशी. पण तिने ज्याच्याकडे बघितलं ते मॅनेजर नव्हते.

तिला रुग्णालयात नेलं, बरी झाल्यावर परस्पर घरी पाठवलं. कागदावर 'नियमभंग' लिहून करार मोडला. मला आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवलं आणि मग मी मैदानात उतरले. मोडक्या बोटाची गोलकीपर पट्टी बांधून उभी राहिली. मी तो गोल मारला, जो लोकांना माहीत आहे, वीस यार्डांवरून, डाव्या पायाने. गावात फटाके वाजले. रात्री तस्नीमचा मेसेज आला, "गोल बघितला. कसला मारलास गो म्हशी!" मी तिला एक हसरा चेहरा पाठवला. दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचत नाही असं करत करत वर्षं गेली. तिच्या अब्बांनी शब्दाप्रमाणे तिला खेळातून काढलं. ती रसायनशास्त्र शिकली, धाटावला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. ईदला माझा फोन, गणपतीला तिचा. मी खेळत राहिले, आणि मग गुडघा गेला.

पायाला काम नसलं की डोकं चालायला लागतं. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चार महिने मी खाटेवर होते, आणि चार महिने मी तो जिना बघत होते. काठी घेऊन चालायला लागले त्याच आठवड्यात पेणहून गाडी पकडली आणि रोह्याला उतरले. अम्माने दार उघडलं. "ये गो दर्शू! अगं, किती सुकलीस!" मी तिला चाची म्हणते. तिने मला आत घेतलं आणि ती लगेच स्वयंपाकघरात शिरली. तस्नीमची दुसरी शिफ्ट होती, ती आतल्या खोलीत कामाचा कोट इस्त्री करत होती. मी दार लोटलं आणि बसायच्याही आधी सगळं ओकून टाकलं. बांध, गूळ, खोकणारा पोरगा, जवळा, सांदणं. तिने इस्त्री उभी करून ठेवली. पूर्ण ऐकलं.

मग म्हणाली, "बांधावर गेलीस त्याचं काय नाय. मी पन गेले असते."

"व्हय."

"पन जिन्यात तू दारात होतीस."

"व्हय."

"आणि तुला माहीत होतं, मी खिडकी पन उघडली नव्हती."

मी मान हलवली. मला वाटलं आता ती शिव्या देईल, हाकलून देईल, मारील. त्यासाठीच तर आले होते, खरं म्हणजे. शिव्या खाऊन हलकं होऊन परत जायचं, असा माझा स्वार्थी हिशेब. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. खाली बघत हळू आवाजात म्हणाली, "मी इरफानला काय बोलले ठाऊक हाय तुला? घरी आल्यावर? म्हटलं, तू खांदा देऊन आलास, तूच आणलंस घरात, तूच माझी मॅच खाल्लीस. तो बोलला, मी गच्चीवर झोपत होतो. मी म्हटलं, तोंड दाखवू नको. दोन महिन्यांत व्हिसा काढून कतारला गेला. अम्माशी बोलतो. माझ्याशी नाय, म्हणजे मीच नाय बोलत. त्याच्या निकाहला पन मी शिफ्ट घेतली."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या तोंड मिटण्याची किंमत एक मॅच.

तिने फोन उचलला. नंबर शोधायला तिला वेळ लागला. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला आणि पलीकडून घाबरलेला आवाज आला, इतका मोठा की मलाही ऐकू आला. "काय झालं? अम्मा ठीक हाय ना?" तस्नीमने फोन दोन्ही हातांनी धरला. तो पुन्हा म्हणाला, "तस्नीम, बोल ना, अम्माला काय झालं?" मग ती म्हणाली, "भाय, ते तू नव्हतं आणलंस." आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मी काठी घेतली आणि बाहेर आले.

चाची हातात बशा घेऊन उभी होती. आतला आवाज ऐकून थबकलेली. "कोणाशी बोलते ती?"

मी म्हटलं, "इरफानशी."

"त्याने फोन केला?"

"नाय चाची. तिनेच लावला."

बशा तिने कुठे ठेवल्या ते मला दिसलं नाही. ती तिथेच खुर्चीवर बसली, पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले. मग उठून माझ्यापाशी आली, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि म्हणाली, "अल्ला तुझं भलं करो गो पोरी. कोणी कोणी समजावलं तिला, कोणाचं ऐकलं नाय. तूच समजावलंस ना?"

 मी ते हात डोक्यावर तसेच राहू दिले.